सहा आरसे

होटगी रोडला सकाळी सात वाजता
कॅप्टन बिराजदार माझ्या डोक्यावर हूड चढवतात.
घाण्याच्या बैलाची झापड, दुसरं काय.
आकाश गेलं. सोलापूर गेलं.
उरल्या सहा तबकड्या
आणि शेजारून लवंग चघळल्याचा आवाज.

"एकीवर डोळे रोवू नको, पोरी.
क्षितिज, वेग, क्षितिज, उंची, क्षितिज, दिशा.
सासरी नवी आलेली सून बघते तसं,
लक्ष सगळीकडं, टक कुणाकडंच नाही."
दाखला मला आवडला नाही.
पण बसला.

विडी घरकुलात आत्ता अम्मा
मांडीवर सूप घेऊन बसली असेल.
पान, तंबाखू, वळ, दोरा, तोंड मोड.
नजर टीव्हीवर, बोटं आपली आपली.
वीज गेली तरी तिचा कट्टा पंचवीसचाच भरतो.
मला वाटायचं, हेच शिकायचं असेल:
न बघता हाताला कळणं.
पहिल्याच तासाला उलटं निघालं.
हाताला काहीच कळत नसतं,
हे शिकायला एवढे पैसे.

तासाला साठ हजार विड्या.
हिशोब माझा नाही, अम्माचा.
नान्नांनी विकलेले दोन माग
तिनं त्यात धरलेले नाहीत.

अक्कलकोटच्या अंगाला एकदा खरा ढग भेटला.
"काढ ते हूड," कॅप्टन म्हणाले, "आता कशाला पाहिजे."
काचेबाहेर पांढरं. नुसतं पांढरं,
रंगात घालायच्या आधीचं सूत.
आणि माझं अंग म्हणालं, तू डावीकडे कललीस.
कुजबुजत नाही. देवाशपथ घेऊन म्हणालं.
पोट म्हणालं, मान म्हणाली, बूड म्हणालं,
पंचायत बसली, ठराव एकमतानं मंजूर: डावीकडे.
एकटं क्षितिज म्हणत होतं, सरळ.
चहाच्या बशीएवढं,
वर निळं, खाली तपकिरी,
साक्षीदार कुणी नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला, अम्मा म्हणते.
इथे लागतो गं. सहा लागतात.
हातात काकण आहे की नाही
हेसुद्धा आपलं आपण ठरवायचं नसतं.

दांडा मी उजवीकडे नेणारच होते.
थोडा नेलाही असेल.
कॅप्टन काही बोलले नाहीत,
फक्त लवंग थांबली.
मग मी अंगाला म्हटलं, तू रड,
मी ऐकणार नाही.
आणि मिनिटभर वाकडी बसून
विमान सरळ चालवलं.

परवा परीक्षेआधीची रंगीत तालीम.
उतरताना ठरलेल्या उंचीवर ते म्हणतात, "वर बघ,"
मी बघते, आणि धावपट्टी समोर असते,
कुणीतरी आत्ताच अंथरल्यासारखी.
परवा ते म्हणाले नाहीत.
काटा आकड्यावर आला.
ढग नव्हता, धूर नव्हता,
हूडच्या फटीतून ऊन माझ्या मांडीवर पडलं होतं.
खाली काय आहे ते मला पाठ आहे:
कुंपण, दोन बोरी, कुणाच्या तरी शेळ्या, मग डांबर.
मान चार बोटं उचलायचा अवकाश.

मी थ्रॉटल पुढे रेटला, नाक उचललं.
धावपट्टी पायाखालून
न दिसता गेली.
"दिसली असती की," कॅप्टन म्हणाले.
"तुम्ही बघ म्हणाला नाहीत."
वहीत त्यांनी काय लिहिलं
ते मी अजून वाचलेलं नाही.

संध्याकाळी अम्मा कारखान्यातून आली.
आज चाळीस छाट.
तपासनीस नवीन आहे, म्हणाली,
हात लावायच्या आधीच वाकडी म्हणतो.
मग बल्बखाली एक विडी धरून
बराच वेळ फिरवत बसली.
"बघ गं, सरळ आहे ना?"

मी बघितली.
मला तर सरळच वाटली.
पण अम्मा,
माझ्या वाटण्याचं काय घेऊन बसलीस.