मानस

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या कानाची पाळी कापली,
आणि आता काखेत सुपारीएवढी गाठ.
बांबोळीच्या ओपीडीत तिसऱ्या बाकावर
ते टोपी मांडीवर घेऊन बसलेत.
ती डोक्यावर असायला हवी होती
चाळीस वर्षं, नेवऱ्याच्या खाजनात,
पण तेव्हा तिच्यात ते सुंगटं भरून आणत.

गोरे, घारे. लग्नात आईच्या मावश्या म्हणाल्या होत्या,
नशीब काढलंस पोरी.
त्या मावश्या आता नाहीत.
कातडी आहे, मानेपासून पाठीपर्यंत
डागांनी भरलेली.

डॉक्टर बार्रेटो तरुण आहेत, घाई करत नाहीत.
म्हणाल्या, कातडीचा हा कर्करोग ज्यांना होऊन गेला
त्यांच्यात लिम्फोमा थोडा जास्त दिसतो.
थोडा. म्हणजे बहुतेकांना होतच नाही.
का दिसतो, ते नक्की कुणाला ठाऊक नाही.
कदाचित ऊन. कदाचित शरीराची राखण
आधीच कुठेतरी सैल पडलेली असते.
सुई घालून बघू, मग बोलू.

मी वहीत 'थोडा' लिहिलं, खाली रेघ ओढली.
किती थोडा, हे विचारायचं धाडस झालं नाही.

बाबांनी मात्र विचारलं:
म्हणजे कानातली ती कुर्लीच चालत काखेत आली?
नाही, त्या म्हणाल्या, ही असलीच तर दुसरी.
बाबांनी मान डोलावली,
लांबची ओळख निघाल्यासारखी.

बसमध्ये गप्प होते. पिलार गेल्यावर बोलले:
बांधाला एक बीळ सापडलं
की चिखल थापून आम्ही घरी जात नसू.
अख्खा बांध चालायचो, कंदील घेऊन,
भरती चढायच्या आत.
बीळ इथं, पाझर तिथं.
कुर्ल्या वेगळ्या गं,
बांध एकच.

उतरल्यावर घराकडे न वळता मानशीकडे गेले.
ती आता लिलावात दुसऱ्याला गेलीय,
तरी फळीवर तळवा टेकून उभे राहिले,
पलीकडचं पाणी किती रेटतंय ते बघत.
उन्हं कलली होती. तेव्हा त्यांनी टोपी घातली.

रिपोर्ट गुरुवारी.
रात्री न्हाणीघरात कडी लावून
मी माझी काख चाचपते, आधी डावी, मग उजवी.
सगळे म्हणतात मी बाबांवर गेलेय.
डोळेसुद्धा त्यांचेच.