कापसाची खोली

दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही घर सोडतो.
जात कुठंच नाही,
सपरीत येतो फक्त.

मधल्या खोलीतून आधी बाज निघते,
मग ज्वारीची कोठी, लेकरांची दप्तरं,
शिवणयंत्र, ज्याच्यावर कोणी शिवत नाही.
कॅलेंडर तेवढं भिंतीवर राहतं.
नोव्हेंबरच्या तारखा दिसतात,
डिसेंबर लागेस्तोवर कापूस तिथवर चढलेला असतो.

सासू म्हणते,
"त्याले जागा पायजे. आपलं काय,
पाठ कोठीबी टेकते."

माझं माहेर धानाच्या मुलखातलं.
धान ढोलीत गुपचूप बसतो,
माणसाला उठवत नाही.
म्हणून पहिल्या वर्षी मी नवऱ्याला विचारलं होतं,
घर आपलं का याचं?
तो बोलला नाही. दार ढकलून आत गेला,
ढिगावर हातपाय पसरून पडला,
म्हणाला, ये.
कापूस आतून गरम असतो हे रात्री कळलं.
अंग खाजतं हे सकाळी.

चूल आंगणात जाते. दिवा खोलीकडे पाठ करून लागतो.
पाहुणा आला की आधी पाणी नाही,
आधी म्हणतो, बिडी विझवा.
देवकाबाईचा जावई एकदा रुसून फाटकातूनच परतला.
जाऊ दे.

यंदा घरकुलाच्या यादीसाठी एक पोरगा आला,
मोबाईल हातात, बूट नवे.
खोल्या किती?
दोन.
राहणारे किती?
सासू बोटं मोजू लागली,
"मी, अंबादास, सून, दोन लेकरं.
बैलं गोठ्यात राहतेत, ते नोको धरू.
आन् बत्तीस क्विंटल."
"आजी, घरातले सांगा."
"घरातलेच त सांगतो ना बाप्पा.
बाहीर त आमी राहतो."

त्याच्या मोबाईलात तसला रकाना नव्हता.
त्यानं फोटो काढला.
दारात आम्ही पाच जण सरळ उभे,
आणि मागं सगळं पांढरं.
तालुक्याला कोणीतरी म्हणालं म्हणे,
यांचं तर चुन्यानं रंगवलेलं आहे, चांगलं आहे की.
आम्ही खूप हसलो. मग हसणं थांबलं,
आणि सासूनं भाकरी थापायला घेतल्या.

माघात एका रात्री ढग उतरले.
नवरा ताडपत्री घेऊन कवेलूंवर चढला,
मी खालून दोर धरला,
सपरीत गोधड्या, पुस्तकं, पीठ, सगळं भिजलं.
पाऊस थांबल्यावर गुंजननं दार किलकिलं केलं,
हात आत घालून चाचपलं,
आणि ओरडली,
"घर कोरडं हाये!"

फाल्गुनात गाडी आली.
चार माणसं दिवसभर भरत होती,
एक वर उभा राहून पायानं दाबत होता.
मी पाहत होते. माझ्या अंथरुणावर
कोणीतरी नाचत असल्यासारखं वाटलं,
पण ते कोणाला सांगायचं.

खोली झाडली तेव्हा निघालं ते असं:
माझं एक जोडवं, खोडरबर, गंजलेला विळा,
आणि कोपऱ्यात उंदरीनं कापूस पिंजून केलेलं घर,
आत चार गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली.
मी सुपात घेणार होते.
सासूनं ते पायानंच हळू कोठीमागं सरकवलं,
मी पाहिलं नाही असं केलं.
कॅलेंडर गेल्या वर्षाचंच होतं.

बाज आत आली. चूल आली. दिव्यानं तोंड फिरवलं.
हाक मारली की आवाज
भिंतीला लागून परत येतो,
लेकरं मुद्दाम मारतात.

आठ दिवस झाले.
खोली उंबरठ्यापासून खिडकीपर्यंत मोकळी आहे,
आणि पाणी घेऊन जाताना सासू,
टॉवेल शोधताना नवरा, मी, लेकरंसुद्धा,
मधून कोणी जात नाही.
अजून आम्ही अंग चोरून
भिंतीभिंतीनंच चालतो.