मानेतली बरगडी

कागलच्या हॅचरीतून मंगळवारी अंडी येतात.
आणणारा यासीन दर खेपेला विचारतो,
"म्याडम, एवढ्याचं आमलेट कोण खातंय?"
कुणी नाही. मी कवचाला खिडकी पाडते.

आधी सुईनं थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा,
म्हणजे आतला जीव कवचापासून खाली बसतो.
मग बारीक कात्री, नखाएवढी खिडकी,
खालून काळ्या शाईचा थेंब,
आणि शाईवर उजळतो तो:
दोन दिवसांचा, स्वल्पविरामासारखा वाकलेला,
काळीज मात्र चालू.
पाठीच्या दोन्ही अंगांना मण्यांच्या जोड्या,
गुजरीतल्या पाटावर साज ओवायला मांडल्यासारख्या.
दर दीड तासाला एक जोडी वाढते.
यातूनच मणके, यातूनच बरगड्या, पाठीचं मांस.

कुठल्या मण्यानं काय व्हायचं, हे ठरवतं कोण?

आमच्या गल्लीला पाणी सोडणारा चावीवाला, बंडू सुतार,
त्याचं काम काय ते आम्हाला कळलं
तो चार दिवस मुलीच्या लग्नाला गेला तेव्हा.
जनुकांशीही आम्ही असंच वागतो.
एकाला रजेवर पाठवायचं आणि बघत बसायचं
कुणाचे हंडे रिकामे राहतात.
कधी कधी सगळेच हंडे भरतात,
आणि वहीत लिहावं लागतं: काही फरक नाही.
कदाचित दुसऱ्या कुणाजवळ जादा चावी होती.

दुसरी रीत उपटून लावण्याची.
छातीच्या पट्ट्यातला तुकडा, अजून मणीही न झालेला,
उचलला आणि मानेत बसवला.
उलटा बसला, वरची बाजू खाली,
तरी त्यानं हरकत घेतली नाही;
शेजारी बघून वर-खाली शिकून घेतलं.
पण नवव्या दिवशी कूर्चा निळी रंगवून पाहिली
तर पिल्लाच्या मानेत
एक नीट, बाकदार, छातीतली बरगडी.
तुकडा आपलं गाव घेऊन आला होता.

पुण्यात सहा वर्षं होते.
पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी म्हटलं, "मी आलोच हां,"
आणि टेबल हसलं. "आलोच? की आलेच?"
आमच्याकडे बायका 'जातो'च म्हणतात,
आई म्हणते, आत्या म्हणते, भाजीवाली म्हणते;
त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नव्हतं.
शिकले मग. आले, गेले, बसले,
शेजारी बघून.

परवा रात्री इथे, विद्यापीठात, लाईट गेली.
उबवणीच्या पेटीत छत्तीस अंडी, बाहेर जानेवारी.
जनरेटरची किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला.
गरम पाण्याच्या पिशव्या, माझा स्वेटर, शिरगावेची शाल,
पारा अडतीसवरून चौतीसवर.
फोन वाजला. आई.
"येणार हैस का न्हाई? भाकरी गार झाली."
एक हात पेटीवर ठेवून म्हटलं,
"तू जेव. मी थांबतो हितंच."

शिरगावे हसला नाही. तो इचलकरंजीचा.
टॉर्च धरून एकेका खिडकीतून बघत होता,
ओठांतल्या ओठांत मोजत.
अठ्ठाविसांत काळीज चालू होतं.
एकोणतिसाव्याचं अजून सांगता येत नाही.