जोखमीची जागा

कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारून बसलेय.
डावीकडे त्याचं, उजवीकडे आपलं.
मार्केट यार्डातली दुपार, शटर अर्धं ओढलेलं,
पंख्याच्या वाऱ्यात हळद तरंगतेय.
कीबोर्डाची अक्षरं केव्हाच पिवळी झालीत.

कासाब्लांकाच्या इद्रिसला दोन कंटेनर राजापुरी हवीय.
तो विचारतो, एफओबी की सीआयएफ?
आदगोंडा मामा विचारतात, म्हणजे आपलं कुठवर?

मी सांगते, एफओबी म्हणजे न्हावा शेवापर्यंत.
पोतं जहाजावर चढलं की आपण हात झटकायचे,
पुढचं वादळ त्याचं, ओल त्याची, बुरशी त्याची.
सीआयएफ म्हणजे भाडं आपण भरायचं, विमाही आपणच काढायचा,
जोखीम मात्र माल चढला त्याच घटकेला त्याची झालेली.
मामा चष्मा काढतात.
"पैसे आपले नि धास्ती त्याची?
असली सोयरीक मी नाही बघितली."

आता पैशाचं.
आगाऊ मागितले तर इद्रिस गप्प होतो,
दोन दिवस, चार दिवस.
उधार दिलं तर झोप आपली जाते.
कागद बँकेत ठेवायचे, पैसे भरून त्यानं सोडवायचे, हे बरं वाटतं;
पण सोडवलेच नाहीत तर?
आपली हळद परक्या बंदरात भाडं खात पडणार.
उरलं पतपत्र.
दोन बँका एकमेकींवर विश्वास ठेवतील,
म्हणजे आम्हा दोघांना ठेवायला नको.

गेल्या साली पत्रात होतं ‘सांगली हळकुंड’,
बिलात पडलं ‘हळकुंड, सांगली’.
बँकेनं हळकुंड मोडून आतला केशरी रंग बघितला नाही,
वास घेतला नाही.
स्वल्पविराम बघितला.
एकवीस दिवस पैसे अडले.

मामांना रुमाल आठवतो.
रुमालाखाली बोटं धरायची, चार, मग दोन, मग मूठ,
आणि वर तोंडानं पोराबाळांची चौकशी.
हरिपूरच्या पेवात वर्षवर्ष माल गाडलेला,
विकलेला, पुन्हा विकलेला,
मधल्या कुणी डोळ्यांनी न पाहिलेला.
"कागूद नव्हता, कायी नव्हतं."

मी विचारते, आणि पेवात पाणी शिरलं तर?
तेव्हा माल कुणाचा?

मामा रुमालाची घडी घालतात, मोडतात.
"पुराच्या साली शिरलं. तेवढंच ठरलं नव्हतं.
तेव्हापासनं भूपालचं नि माझं बोलणं न्हाई."
भूपाल म्हणजे सख्खा धाकटा भाऊ,
चार गाळे सोडून त्याचं दुकान.

दस्तगीर पाणी प्यायला आत येतो,
कागदात डोकावतो. "काय लिव्हताय ताई?"
कुणाची जबाबदारी कुठं संपते, ते.
"माझं सोप्पं हाय. पाठीवरनं ट्रकात.
पोतं टेकलं की मी सुटलो. पैसं शनवारी."
आणि पाठ?
तो हसतो, तांब्या पालथा घालतो.
"ती कुठं उतरती?"

बाहेर ट्रकाचं फाळकं आपटतं.
मी तिसरा रकाना आखते. त्याला मथळा सुचत नाही.
तसाच कोरा सोडून इद्रिसला कळवते:
एफओबी न्हावा शेवा, पतपत्र, दर्शनी.
स्वल्पविराम दोनदा तपासते.