अठ्ठेचाळीसावी सुई

व्हर्लिनची अट एकच: चेहरा नको, हात दाखव.
आणि मी, जी तीस वर्षं नेवाडातल्या शाळाशाळांतून
मुलांच्या हनुवट्या दोन बोटांनी वर करत हिंडले,
"हस की रे" म्हणत,
आता सख्ख्या भावाला मनगटापाशी कापून
चौकटीत बसवते.

त्याचं गॅरेज ईलीच्या बाहेर, खाणीच्या रस्त्याला.
फेब्रुवारी. हीटर बंद,
कारण त्याची घरघर माइकमध्ये शिरते.
बाकावर ट्रान्सफर केस, ओतीव लोखंडाची,
ओयार्बिदे मेंढपाळाच्या जीपच्या पोटातून काढलेली.
फटींतून अजून लोकरीचे धागे निघतात
आणि वाळलेल्या चिखलाची खपली.

दुकान विकलं तरी फोन थांबले नाहीत.
कुठल्याशा घळीत अडकलेली माणसं
रात्री अकराला विचारायची, व्हर्लिन, आता काय?
"फोनवर किती सांगणार," तो म्हणाला,
"फोनवर बोट ठेवून दाखवता येत नाही."

म्हणून हे.

"ही पेटी काय करते?" तो कॅमेऱ्याला विचारतो
आणि मास्तरासारखा थांबतो,
जणू मागच्या बाकावरून कुणी हात वर करणार आहे.
"गिअरबॉक्सकडून घेते.
पुढच्या चाकांना देते, मागच्या चाकांना देते.
स्वतःकडे काही ठेवत नाही.
ठेवायला लागली, तापायला लागली,
की समजायचं, बेअरिंग गेलं."

कट. सावली पडली.
कट. बोटाला लागलं.
कट. स्प्रिंग उडून रंगाच्या डब्यांमागे गेली
आणि पाठोपाठ जो शब्द गेला
तो आमच्या आईनेही एकदाच ऐकला होता.

मग सुया.
मधल्या गिअरच्या पोटात दोन ओळी,
चोवीस आणि चोवीस,
शिवणाच्या सुईहून आखूड, नेढं नसलेल्या.
व्हॅसलीनचं बोट फिरवायचं
आणि एकेक चिकटवत जायचं.
"सुईच्या अग्रावर मावेल एवढीही धूळ आत नको."
तो मोजतो. मोठ्याने मोजतो,
लहानपणी बर्फात पावलं मोजायचा तसा.
पंचेचाळीस. शेहेचाळीस. सत्तेचाळीस.

सत्तेचाळीस.

डबी पालथी केली. चिंधी झटकली.
मी कॅमेरा बाकावरून उचलला, लोहचुंबकाच्या बुडासकट,
आणि त्याच्या मागे मागे गेले:
बाकाखाली, चुलीमागे, त्याच्या बाहीच्या दुमडीत.
दोरीला चुंबक बांधून तो जमिनीवर ओढत होता,
गुडघ्यांवर, एकाहत्तर वर्षांचा,
डोळ्यात तेल घालून.
खिळे आले, वॉशर आले,
दोन हजार तीन सालचं एक नाणंही सापडलं.
सुई नाही.
अकरा मिनिटं.

तेवढ्यात त्याने वर पाहिलं, सरळ भिंगात.
चोरी पकडली गेल्यासारखा नाही,
हरवलेल्याचा हिशेब कुणाला द्यावा
हे न कळणाऱ्या पोरासारखा.
इतकी वर्षं फोटो काढले मी. असा एकही नाही.

आणि मग त्याची नजर खाली घसरली,
आणि तो हसला, खोकला येईपर्यंत.
कॅमेऱ्याच्या बुडाला, चुंबकाच्या कडेला,
ती चिकटून बसली होती.
अख्खं गॅरेज मीच तिला फिरवून आणलं होतं.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

रात्री स्वयंपाकघरात बसून पाहिलं.
"ही अकरा मिनिटं काप," तो म्हणाला.
मी कापायला बोट पुढे केलं.
त्याने कॉफीत साखर घातली, ढवळली,
परत ढवळली.
"राहू दे. त्यांचीही हरवणार आहे.
फक्त शेवटचा टॉर्कचा आकडा चुकलाय माझा,
तेवढं उद्या पुन्हा घेऊ."

चेहऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

सकाळी गॅरेजचं दार उघडलं
तेव्हा तो आधीच बाकापाशी उभा होता.
हात तसेच, काळे.
दाढी मात्र घोटून आला होता.