खाल्ल्या घरचे वासे

नावात विंचू आहे, पण नांगी नाही.
विंचूका म्हणतात हिला कोचाबांबाच्या खोऱ्यात,
ढेकणाची थोराड मावसबहीण.
दिवसा मातीच्या भेगेत, रात्री माणसाच्या गालाशी.
चावते ते कळतही नाही.
पिऊन तट्ट फुगते आणि तिथंच घाण करून जाते.
रोग तिच्या तोंडात नसतो, त्या घाणीत असतो;
झोपेत खाजवून दार उघडतो आपणच.

हे मी एर्मोहेनेस चोकेविल्कांना सांगत होते
मंगळवारी, सकाळी साडेआठला,
बरणीच्या तोंडावर जाळीचं फडकं ताणत.
आत दहा पिल्लं, दोन आठवड्यांची उपाशी.
"बाही वर घ्या. अर्धा तास हात हलवायचा नाही."

गवंडी माणूस. वय एकसष्ट.
मिस्केकडच्या तीन गावांतली निम्मी घरं त्यांच्या हातची:
माती, पाणी, गव्हाचा भुसा,
पायांनी तुडवायचं, साच्यात थापायचं, उन्हात सोडून द्यायचं.
"भेगा पडतातच," ते म्हणाले,
"वाळली की माती तोंड उघडते."
मग जरा थांबून,
"म्हणजे यांची घरंही मीच बांधली म्हणायची."

मी काही बोलले नाही. घड्याळ लावलं.

फडक्याखाली सोंडा उलगडल्या.
चपटी पोटं हळूहळू करवंदांसारखी भरत गेली.
"ही कुठली?"
इथलीच, म्हटलं. मीच वाढवलेली,
कोंबडीच्या रक्तावर, कारण कोंबडीला हा रोग धरत नाही.
चौदा पिढ्या झाल्या,
एकीनंही अजून छप्पर पाहिलेलं नाही.
"अरेरे," म्हणाले.
मनापासून म्हणाले.

फायलीत छातीचा एक्स-रे होता.
काळीज मोठं आहे, असं लिहिलं होतं डॉक्टरीणबाईंनी.
एरवी असं कुणी म्हटलं तर माणूस लाजतो.

तिसाव्या दिवशी एकेकीचं पोट चिमट्यानं हलकेच दाबलं.
काचेवर थेंब, थेंबावर काच, डोळा भिंगाला.
एक कोरी.
दोन कोऱ्या.
सातवी आधीच मेली होती, तीही कोरीच निघाली.
नऊ झाल्या.
कोरं म्हणजे नाही असं नव्हे, हे मला ठाऊक आहे;
तो रक्तातून केव्हाच उठलेला असतो,
काळजाच्या मांसात घरटं करून
वीस-वीस वर्षं भाडं न देता राहतो.

दहावीच्या थेंबात वळवळ दिसली.
शेपूट झटकत, कुणाचं न ऐकता,
लग्नघरातल्या पोरासारखा इकडून तिकडे.
बावीस वर्षं बघतेय.
दर वेळी आधी ते सुंदरच दिसतं.
नाव नंतर आठवतं.

निकाल न्यायला ते आले नाहीत.
फोन लागेना. तिसऱ्या खेपेला मेहुणीनं उचलला.
"घरी कुठं सापडतायत ते?
बादली न् थापी घेऊन दारोदार हिंडतात,
जुन्या भिंती लिंपत.
कुणी बोलावत नाही, कुणी पैसे देत नाही.
परवा एका बाईनं कुत्रं सोडलं अंगावर."

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
बांधल्या घरच्या भेगा मोजाव्यात की नाही,
त्याबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

मी म्हटलं, त्यांना दम लागत असेल.
"लागतो ना," ती म्हणाली. "शिडीवर बसून घेतात."

या वयात गोळ्यांचा फारसा भरवसा नाही,
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तरी बोलवून घ्या.
कागद माझ्या खणात आहे,
त्यावर नऊ वजा आणि एक अधिक.
शनिवारी मिस्केला जाणारी एक गाडी असते.

आज गुरुवार.
बरण्यांमध्ये चाहूल लागलीय त्यांना माझ्या श्वासाची,
सगळ्या जाळीपाशी येऊन उभ्या.
कोंबडी आणायला हवी.