सतरावा रकाना

माझ्या रजिस्टरात सोळा रकाने.
ताप, जुलाब, बाळंतपण, विंचू, कुत्रं.
कल्लप्पा बिराजदारला यातलं काहीच झालं नव्हतं.

अकरा वर्षं सोलापुरात टॉवेलच्या मागावर.
कारखाना बंद झाला, तो दुधनीच्या पुढं आमच्या गावी आला,
माग डोक्यातच चालू राहिले.
‘तलियाग मग्ग नडीताव,’ बायकोला सांगायचा.
डोक्यात माग चालतायत.
दहाव्या रात्री त्यानं दार आतून लावलं.

एकशे आठला फोन केला.
अपघात? छातीत दुखतंय? डिलिव्हरी?
म्हटलं, माणूस नऊ रात्री जागा आहे.
जागा आहे म्हणजे शुद्धीवर आहे ना, मॅडम?
गाडी लांब होती. दोन तास.

गल्ली जमली.
कुणी म्हणालं देवाला न्या, कुणी म्हणालं बाहेरचं आहे.
सिद्रामनं गोठ्यातून कासरा आणला, बांधून घालायला.
मी तो उंबऱ्यावर टाकला
आणि त्याच्यावरच बसले.

अक्कलकोटला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं,
मनाचा विषय जेवणानंतर, निम्म्या डुलक्या घेत होत्या.
एवढंच ध्यानात राहिलेलं:
वाद घालू नका. एकटं सोडू नका. सरळ विचारा.

सरळ विचारलं.
‘कल्लप्पा, मरावंसं वाटतंय का?’
मागं कुणीतरी तोंडावर पदर धरला.
आतून बऱ्याच वेळानं, ‘व्हय.’
‘बरं केलंस सांगितलंस.’

पुढं काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं.
म्हणून मागाचंच विचारलं.
धागा तुटला की माग आपोआप थांबतो का रे?
‘जुना न्हाई थांबत,’ दाराला तोंड लावून तो म्हणाला,
‘माणसानं बघत ऱ्हावं लागतं.’
मग ताणा, मग बाणा, मग धोटा,
मग मुकादमाला एक शिवी,
आणि कडी.

गाडी पहाटे आली. ड्रायव्हर म्हणाला, काय लिहू?

रजिस्टरात मी पट्टीनं सतरावा रकाना आखला, वाकडाच आला.
मासिक बैठकीत साहेबांनी विचारलं, हा कुणी काढला?
हात वर केला. काही बोलले नाहीत.

आता गुरुवारी पाण्याच्या टाकीवर चढतो आम्ही,
तिथंच रेंज येते.
सिव्हिलच्या डॉक्टरबाई मराठीत विचारतात,
तो कानडीत सांगतो, मधे मी.
परवा म्हणाला, माग हायत अजून,
पण शेजारच्या गल्लीत गेल्यात.

सिद्राम कासरा मागायला दोनदा येऊन गेला.
म्हटलं, नवा घे.